चौथ्या फ्लॅटपासून पुढे

विषय कराचा आहे, चौथ्या फ्लॅटपासून पुढे भाड्यावर जादा कर घेण्याचा. कराचं नाव काढलं की लोक चहाला उठतात, म्हणून चहा आधीच देऊन टाका, असं मीच संयोजकांना सांगितलं होतं. आता खरं सांगा, एकापेक्षा जास्त फ्लॅट कुणाकुणाचे आहेत? हात वर करा. एकही नाही? ठाण्याच्या नौपाड्यात सभागृह भरलंय आणि एकही नाही! बरं, सासूबाईंच्या नावावर? (हशा)

माझी मुलगी घोडबंदर रोडला भाड्याने राहायची. मालकाचे त्याच कॉम्प्लेक्समध्ये अकरा फ्लॅट. गृहस्थ सज्जन, गणपतीत मोदक पाठवायचे. पण घर सोडायच्या दिवशी भरदुपारी टॉर्च घेऊन आले. भिंतीवरून बोट फिरवत निघाले. खिळ्याचं भोक, पाचशे. गॅलरीच्या दाराची जाळी, आठशे. मुलगी म्हणाली, "काका, जाळी आम्ही आलो तेव्हाच फाटकी होती." तर म्हणतात, "बेटा, तुझ्या आधीचेही हेच म्हणाले होते." म्हणजे या एका जाळीने आजवर किती डिपॉझिटं खाल्ली असतील! रंगाचे पैसे वेगळे कापले. रंग लावला का? छे. पुढच्या भाडेकरूने त्याच भोकावर कॅलेंडर टांगलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. जाळीने घात केला.

तर मुद्दा. भाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा झाला की प्राप्तिकरात 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर रुपया खर्च केला नाही तरी. एका फ्लॅटच्या भाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या बाईंना जो दर, तोच अकरावाल्याला. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी घेते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्जसुद्धा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच, पहिला फ्लॅट असो की अकरावा. माझं म्हणणं, तीन घरांपर्यंत हात लावू नका. चौथ्यापासून वजावट बंद आणि वर चढता अधिभार. सिंगापूरमध्ये नागरिकाला दुसरं घर घेताना 20 टक्के आणि तिसऱ्यापासून 30 टक्के जादा मुद्रांक शुल्क बसतं, 2023 पासून.

बायको-मुलांच्या नावावर वाटतील? कुटुंब एकत्र धरा. आपल्याकडे 1999 च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे, कागद सरकारकडेच पडलेत. भाडेकरूवर लादतील? थोडं लादतीलही. पण शेजारच्या विंगमधल्या एका फ्लॅटच्या मालकाला हा कर नाही, त्याच्यापेक्षा फार मागितलं तर यांचाच फ्लॅट रिकामा राहील.

जमलेला पैसा वेगळ्या खात्यात, फक्त भाड्याच्या सरकारी घरांसाठी. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. इथे ठाण्यात, वर्तकनगरात इमारती उभ्याही राहिल्या. मग त्यांत धोकादायक इमारतींतली कुटुंबं तात्पुरती म्हणून आणून ठेवली. तात्पुरती म्हणजे किती, ते तिथे जाऊन विचारा.

दुसरी चिठ्ठी. वजावट दिल्लीच्या हातात आहे, पण मालमत्ता कराचा कायदा राज्याचा. तिथून सुरुवात कशी करता येईल, त्याची दोन पानं टाईप करून दाराशी ठेवलीत. जाताना घ्या.