फुटबॉलला जाऊ द्या, बाकीचे खेळ इथेच ठेवा

मंडळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहून कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) आणि स्टॅनफर्ड यांचं अमेरिकन फुटबॉलमधलं वैर माहीत नाही, असं इथे कुणी नसेल. काही घरांत तर एक मूल इकडे, एक तिकडे. त्या घरांत नोव्हेंबरमध्ये, सामन्याच्या दिवसांत, जेवायला जाऊ नये!

विषय जाहीर झालाय ‘पॅक-१२ का मोडली आणि पुढे काय’. पॅक-१२ म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, आपसांत सामने खेळणारा गट. पण २० नोव्हेंबर १९८२ चा बर्कलीतला सामना सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. चार सेकंद उरलेली. पुढे नावाजलेल्या जॉन एलवे या खेळाडूच्या स्टॅनफर्डनं फील्ड गोल मारून २०-१९ अशी आघाडी घेतलेली. एक किकऑफ, म्हणजे चेंडू लाथेनं समोरच्यांकडे उडवणं, झाला की खेळ खलास. चेंडू आला कॅलच्या केव्हिन मोएनकडे. धरला जाणार असं दिसताच त्यानं तो सोबत्याकडे टाकला, त्यानं दुसऱ्याकडे. असा पाच वेळा हात बदलला. इकडे सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात शिरलेला. पुन्हा चेंडू हाती आलेला मोएन त्या गर्दीतून धावत रेषेपार गेला आणि तिथल्या ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. कॅल २५, स्टॅनफर्ड २०. वाटेत चेंडू घेतलेल्या कॅलच्या ड्वाइट गार्नरचा गुडघा चेंडू सोडण्याआधी टेकला होता की नाही (टेकला असता तर खेळ तिथेच संपला असता), यावर आजही भांडणं होतात. या दोघांच्या सामन्यातल्या विजेत्याला एक कुऱ्हाड मिळते. ती स्टॅनफर्डकडे गेली की तिच्या फलकावरचा त्या सामन्याचा निकाल २०-१९ होतो, कॅलकडे परतली की पुन्हा २५-२०.

ही खरी भाऊबंदकी, आणि तिला शेजार लागतो. बाकीच्यांचं काय झालं बघा. युजीनचं ओरेगन आणि कोर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट तासाभराच्या अंतरावर. १८९४ पासून एकमेकांशी खेळतात. आज दोघं वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी पॅक-१२ सोडली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेली, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलएनं आदल्याच वर्षी बिग टेनची वाट धरली होती, आणि कोलोरॅडोनं आठवडाभर आधी बिग १२ ची. १९१५ साली सुरू झालेल्या परंपरेत चार जण उरले. त्यांतले आपले दोघे, कॅल आणि स्टॅनफर्ड, एसीसीत (अटलांटिक किनाऱ्याकडच्या कॉन्फरन्समध्ये) गेले, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घेऊन. वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेटला कुणी विचारलंच नाही. मैदानावर काही कमी पडलं म्हणून नव्हे. पुलमन आणि कोर्व्हॅलिस ही टीव्हीच्या दृष्टीनं लहान गावं, म्हणून. याचा मला आजही संताप येतो.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं राहिलीत. तेव्हा मुद्द्यावर येतो.

मूळ १९८४ मध्ये आहे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएएची (कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची) मक्तेदारी मोडली. कॉन्फरन्स आपापले सामने विकू लागल्या. २०२२ साली बिग टेननं सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. एवढा पैसा समोर असताना फुटबॉल संघ हलले, हे मी समजू शकतो. पण त्यांच्यामागे व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनी का फरफटत जावं? लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीत बिग टेनच्याच रटगर्स विद्यापीठाशी खेळायला जायचं म्हणजे चार हजार किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. परीक्षा असते, प्रयोगशाळा असते.

माझं म्हणणं एवढंच: फुटबॉलला स्वतंत्र करा, बाकीचे खेळ पुन्हा किनाऱ्यावर आणा. हे अशक्य नाही. नोत्र दाम विद्यापीठाचा फुटबॉल संघ कुठल्याच कॉन्फरन्सचा नाही, तरी त्यांचे बहुतेक खेळ एसीसीत चालतात. आपल्याकडे पुरुषांचं व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो वेगळ्या पश्चिमेच्या महासंघात खेळले गेलेच आहेत. फुटबॉलच्या पैशातून या खेळांचा खर्च भागवायचा असेल तर खुशाल भागवा, त्यासाठी मुलींना विमानात बसवायची गरज नाही.

आणि कॅल, यूसीएलए सरकारी विद्यापीठं आहेत. यूसीएलएच्या जाण्याचा बर्कलीला फटका बसला, म्हणून यूसीएलएनं वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत, असं रीजंट्सनी, म्हणजे दोन्हींवरच्या नियामक मंडळानं, २०२४ मध्ये ठरवलं. म्हणजे रीजंट्सना यात हात घालता येतो. त्यांच्या बैठकीत जनतेसाठी बोलायची वेळ राखलेली असते. मी नाव देणार आहे. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी कार्यक्रमानंतर थांबा, मिळून एक निवेदन लिहू.