कर वाढेल, की प्रीमियम जाईल?

श्रोतेहो, नमस्कार.

२०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक अहवाल आला. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या मर्केटस सेंटरसाठी चार्ल्स ब्लाहूस यांनी तो लिहिला होता. सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या ‘मेडिकेअर फॉर ऑल’ विधेयकानुसार देशातल्या प्रत्येकाच्या उपचारांचं बिल एकाच सरकारी निधीतून भरायचं ठरलं, तर किती पैसा लागेल याचा तो हिशेब होता. आकडा निघाला ३२.६ लाख कोटी डॉलर. २०२२ ते २०३१ या दहा वर्षांत केंद्र सरकारचा खर्च एवढ्याने वाढेल, असं त्यात म्हटलं होतं. विरोधकांना आयतं हत्यार मिळालं. पण तोच अहवाल नाचवत सँडर्सही पुढे आले. कारण त्याच्याच एका कोष्टकात, साऱ्या देशाचा मिळून होणारा आरोग्यखर्च त्याच दहा वर्षांत सुमारे २ लाख कोटी डॉलरनी कमी होताना दिसत होता.

दोन्ही आकडे एकाच हिशेबातले आणि दोन्ही बरोबर. आज जे पैसे कंपन्या, कुटुंबं आणि राज्य सरकारं भरतात, ते नव्या योजनेत वॉशिंग्टनच्या तिजोरीतून जाणार होते. म्हणजे वाद एकूण खर्चाचा कमी आणि पैसा कुठल्या खिशातून निघतो याचा जास्त आहे. ‘तुमचा कर वाढणार’ आणि ‘तुमचा खर्च घटणार’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात. शेजारच्या माणसाबद्दल दुसरं वाक्य साफ खोटंही ठरू शकतं.

अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेक लोकांना विमा नोकरीतून मिळतो. याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक ठेवली. माणसं टिकवायची म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४ च्या करकायद्याने तर कंपनी भरते तो प्रीमियम कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरायचाच नाही, हे पक्कं करून टाकलं.

आता आकडे पाहू. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम होता २५,५७२ डॉलर. त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून कापले जायचे आणि उरलेले १९,२७६ कंपनी भरायची. कामगाराला दिसते ती कपात. कंपनीचा वाटा त्याला फुकटात मिळाल्यासारखा वाटतो. अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं मात्र बहुतांशी एकच आहे: कंपनी माणसावर एकूण किती खर्च करायचा ते ठरवते आणि प्रीमियम वाढला की पगारवाढ तेवढी आखडते. म्हणजे ते १९,२७६ डॉलरही त्याच्याच मेहनतीचे असतात, फक्त त्याच्या हाती कधी पडत नाहीत.

करमाफीचं गणित तर उलट्या दिशेने चालतं. १२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या कामगाराचा या १९,२७६ डॉलरवर सुमारे २,३०० डॉलर आयकर वाचतो. ३५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या साहेबाचा वाचतो ६,७०० च्या वर. सरकारी मदतच ही, आणि जास्त कमावणाऱ्याला जास्त मिळते. पण ती अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर निवडणूक लढवली जात नाही.

हे न दिसणारे पैसे कर म्हणून दिसायला लागले की काय होतं, त्याचा धडा व्हरमाँट राज्याने घालून दिला. लोकसंख्या साडेसहा लाखांच्याही आत. २०११ च्या मे महिन्यात गव्हर्नर पीटर शमलिन यांनी कायदा क्रमांक ४८ वर सही केली आणि सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्य निधी उभारायचं ठरलं. तत्त्व मंजूर झालं. पैसा कुठून आणायचा, हा प्रकरणाचा भाग मात्र नंतरसाठी ठेवला, आणि माझ्या मते योजना तिथेच अडकली. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, हिशेब बाहेर आला. प्रत्येक मालकाने एकूण पगारबिलावर ११.५ टक्के कर द्यायचा. शिवाय प्रत्येक कुटुंबाने उत्पन्नाप्रमाणे, जास्तीत जास्त ९.५ टक्क्यांपर्यंत, सरकारी प्रीमियम भरायचा. राज्याची करवसुली जवळजवळ दुप्पट करावी लागणार होती. शमलिन यांनी त्याच महिन्यात योजना गुंडाळली.

हिशेब एवढा फुगला तो काही एकाच कारणाने नाही. योजनेत उपचारांच्या खर्चाचा फार मोठा हिस्सा निधीने उचलायचा होता. रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम जितकी कमी, तितका कराचा दर वर चढतो. वॉशिंग्टनकडून येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी भरणार, हेही दिसायला लागलं होतं. त्यात १९७४ च्या एका केंद्रीय कायद्याची आडकाठी होती. ज्या मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडून पॉलिसी न घेता कर्मचाऱ्यांची बिलं स्वतःच्या निधीतून भागवतात, त्यांच्या योजनांना राज्य हात लावू शकत नाही. कर लावता येतो, पण मग ती कंपनी दोनदा पैसे मोजते. आणि सगळ्यात नाजूक दुखणं छोट्या धंद्यांचं. जो उपाहारगृहवाला आजवर कामगारांना विमाच देत नव्हता, त्याच्या डोक्यावर एकदम ११.५ टक्के येऊन बसणार होते. त्याला टप्प्याटप्प्याने सवलत द्यायची, तर ती तूट दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारावी लागणार होती.

व्हरमाँटचा तो ११.५ टक्क्यांचा दर घेऊन २०२४ च्या प्रीमियमशी ताडून पाहू. वर्षं वेगळी आहेत, शिवाय कुटुंबाचा वेगळा हप्ता यात धरलेला नाही, तेव्हा हे फक्त अंदाजासाठी. ५०,००० डॉलर पगार असलेला, कौटुंबिक विमा असलेला कामगार घ्या. त्याच्या नावावर कर बसेल ५,७५० डॉलर. आज त्याच्या नावावर जातात २५,५७२. हप्ता वरच्या टोकाचा धरला तरी त्याचा फायदाच. आता १,००,००० डॉलर पगाराचा एकटा, धडधाकट तरुण घ्या. एकट्याच्या विम्याचा सरासरी प्रीमियम ८,९५१ डॉलर होता. त्याच्यासाठी नुसता पगारबिलावरचा करच ११,५०० होईल, हप्ता वेगळाच. हा तरुण तोट्यात. आपल्यापैकी अनेकांची मुलं-भाचरं तिकडे याच दुसऱ्या गटात मोडतात. त्यांनी या योजनेला नाकं मुरडली तर तो अडाणीपणा नव्हे, त्यांचं गणित बरोबर आहे. ते पुढे लग्न करणार, आजारी पडणार, नोकरी गमावणार, या शक्यतांची किंमत त्या गणितात नसते, एवढंच.

आता तो २ लाख कोटींच्या बचतीचा आकडा. ती बचत एका गृहीतकावर उभी आहे: सगळ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मेडिकेअरच्या दराने पैसे मिळतील. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्टीच्या पुढच्यांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली सरकारी योजना. खासगी विमा कंपन्या रुग्णालयांना मेडिकेअरच्या सरासरी अडीच पट दर देतात. हा अडीच पटीचा दर गेला, तर ज्या रुग्णालयात खासगी विम्याचे रुग्ण जास्त, त्याचं ताळेबंदच कोलमडतं. ज्या रुग्णालयात बहुतेक रुग्ण मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेचे, किंवा विम्याविना आलेले, त्याला उलट हायसं वाटेल, कारण मेडिकेडचे दर सहसा मेडिकेअरपेक्षाही कमी असतात. ब्लाहूस यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की एवढी दरकपात प्रत्यक्षात टिकेल याची खात्री नाही. सँडर्स यांच्या भाषणांत हे वाक्य येत नसे आणि विरोधकांच्या भाषणांत फक्त हेच येई. कर किती लागेल हा प्रश्न खरं तर दर किती ठरेल या प्रश्नाच्या पोटात आहे. दर सांगितल्याशिवाय कराचा आकडा सांगणारा माणूस, कुठल्याही पक्षाचा असो, अर्धंच बोलत असतो.

कारभारी खर्चाबद्दल दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. मेडिकेअरचा कारभारी खर्च दोन टक्क्यांच्या आसपास सांगतात. खासगी कंपन्यांना ओबामांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने प्रीमियमपैकी ८० ते ८५ टक्के रक्कम उपचारांवर घालणं बंधनकारक आहे, म्हणजे कारभार आणि नफ्यासाठी १५ ते २० टक्के मोकळे राहतात. फरक मोठा आहे, पण दिसतो तितका नाही. वृद्धांची बिलं मोठी असल्यामुळे तोच खर्च टक्केवारीत लहान दिसतो, आणि मेडिकेअरसाठीची वसुली करखातं करतं, तिचा खर्च या दोन टक्क्यांत नीट उतरत नाही. खरी गळती रुग्णालयाच्या बाजूला आहे. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, पूर्वपरवानगी वेगळी, नाकारलेल्या बिलांची अपिलं वेगळी, आणि त्यासाठी माणसांची फौज.

‘फुकट दिलं की लोक उठसूट दवाखान्यात जातील’ हा आक्षेप मात्र पोकळ नाही. रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तो प्रत्यक्ष तपासला. हजारो लोकांना सोडत काढून वेगवेगळ्या विमायोजनांत घातलं. काहींना सगळं मोफत, काहींना ठरावीक मर्यादेपर्यंत ९५ टक्के स्वतः भरायचं. स्वतः भरणाऱ्यांचा खर्च मोफतवाल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पण त्यांनी अनावश्यक उपचार टाळले तसे आवश्यकही टाळले. बहुतेकांच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. गरीब आणि रक्तदाब असलेल्यांना मात्र मोफत उपचारांचा स्पष्ट लाभ झाला. करविरोधक यातला पहिला निष्कर्ष सांगतात, समर्थक शेवटचा.

किंमत काढून टाकली की मर्यादा दुसऱ्या रूपाने येते, ती रांगेच्या. ब्रिटनची आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ पासून मुख्यतः करांवर चालते. इंग्लंडमध्ये नियोजित उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे आणि ९२ टक्के रुग्णांच्या बाबतीत ते पाळायचं असतं. २०१६ नंतर ते गाठता आलेलं नाही. कर कमी ठेवला तर रांग वाढते, आणि रांग कुठल्याच पगारपत्रकावर छापून येत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथे आरोग्य आणि वृद्धसेवेसाठी राष्ट्रीय विम्याची वर्गणी १.२५ टक्के अंकांनी वाढवली. नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याचंही तेच झालं. महागड्या विमायोजनांवर ४० टक्के कर बसायचा होता. कामगार संघटनांनाही तो नको होता आणि रिपब्लिकनांनाही. तारखा पुढे ढकलत ढकलत २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो रद्द झाला, एक दिवसही लागू न होता. वैद्यकीय उपकरणांवरचा २.३ टक्के करही त्याच वेळी गेला. विमा न घेणाऱ्यांवरचा दंड २०१९ पासून शून्य झाला. श्रीमंतांवरचे दोन मात्र राहिले: मोठ्या पगारावर मेडिकेअरचा जादा ०.९ टक्के आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ३.८ टक्के. मतं कुठे कमी आहेत ते या यादीवरून कळतं.

सर्वांना विमा म्हणजे सगळा पैसा सरकारी तिजोरीतूनच, असं नाही. जर्मनीत १८८३ पासून आजारविमा पगारातल्या वर्गणीवर चालतो. आज मूळ दर १४.६ टक्के, निम्मा कामगार आणि निम्मा मालक, वर प्रत्येक निधीची स्वतःची जादा वर्गणी. स्वित्झर्लंडमध्ये विमा सक्तीचा पण खासगी कंपन्यांचा, आणि एकच सरकारी निधी आणण्याचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये फेटाळला. अमेरिकन वादात हे पर्याय क्वचितच येतात. ‘मेडिकेअर फॉर ऑल’ किंवा काहीच नाही, अशी मांडणी दोन्ही पक्षांना सोयीची पडते.

कुणी करवाढीचा किंवा बचतीचा दावा केला, तर आधी त्याला दर विचारा. मग रुग्णाने स्वतः किती भरायचं ते, आणि आज विमा न देणाऱ्या मालकाचं काय ते. शेवटचं उत्तर बहुधा गुळमुळीत येतं. आणि तुमचं कुणी तिकडे नोकरीला असेल, तर वर्षाच्या सुरुवातीला हाती येणाऱ्या डब्ल्यू-२ या करफॉर्मचा बारावा रकाना पाहायला सांगा. तिथे ‘डीडी’ या कोडपुढे विम्याची एकूण किंमत असते, स्वतःचा आणि कंपनीचा वाटा धरून. त्या रकमेवर कर लागत नाही, ती फक्त माहितीसाठी छापतात. छोट्या कंपन्यांना ती छापण्याची सक्ती नाही, त्यामुळे रकाना कोरा दिसला तर पगार देणाऱ्या खात्याकडे विचारावी लागते.