भगवंती कुणाला आवडली?

(दृश्य: बीड जिल्ह्यातली झेडपीची शाळा. खिडक्यांना सतरंज्या लावून वर्गात अंधार केलाय. भिंतीवर मालिका चालू आहे.)

निवेदन:
दिवाळी तोंडावर आलीय. ती झाली की यातली काही पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जातील, म्हणून बाईंना घाई आहे. भिंतीवर सासरा, नवरा, दीर जेवताहेत, सून वाढतेय. बाई चित्र तिथंच थांबवतात. "या घरात जेवायचं कोण राहिलंय?"

वर्ग गप्प.

गोष्ट दाखवून माणूस शहाणा होतो का? हा खटाटोप दूरदर्शननं फार आधी करून पाहिलाय. 7 जुलै 1984 ला ‘हम लोग’ सुरू झाली. दीडशेहून जास्त भाग. लहान कुटुंब, बाईचा मान हे मालिकेतून सांगायचं, ही युक्ती मेक्सिकोचे टीव्ही निर्माते मिगेल साबिदो यांची. मालिकेतली आई, भगवंती, सगळं मुकाट सोसायची. असं राहू नका, हे कळावं म्हणूनच ती होती. भाग संपला की अशोककुमार स्वतः येऊन समजावून सांगायचे. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संज्ञापनाच्या अभ्यासकांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तर कित्येकांना, त्यातही बायकांनाच, भगवंती आदर्श वाटलेली. घ्या!

आणि रॉबर्ट जेन्सन, एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा 2009 चा अभ्यास नेमका उलटं सांगतो. गावात केबल आली आणि नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा, हा हट्टही उतरला. त्या काही धडा द्यायला काढलेल्या मालिका नव्हत्या, नेहमीच्याच सासू-सुनांच्या. अर्थात ती गावं बिहार, हरियाणा, गोवा, तमिळनाडूकडची.

इथं हिशेबच वेगळा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. फडात दोघंही राबतात, उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मात्र गड्याच्या हातात पडते. पहाटे उठून भाकरी थापायची तिनंच. हा कोयता मालिकेत कुठून दिसणार? म्हणून बाई चित्र थांबवतात आणि पोरांना बोलतं करतात.

(दृश्य: शेवटचा बाक.)

एक पोरगा म्हणतो, "ती खाईल की मागून."

पुढच्या रांगेतली पोरगी वळून बघते. "मागून भाजी उरती का?"

बाई मालिका पुन्हा लावत नाहीत.