स्क्रीनला हात लावायचा तो मुख्य थ्रेडनेच

बटण दाबलं आणि विंडो गोठली. माउस हलतोय, पण बटण वर यायला तयार नाही.

प्रोग्राम बंद पडलेला नाही. तो काम करतोय, फक्त चुकीच्या थ्रेडवर. थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये इतर कामांसोबत समांतर चालणारा कामाचा एक धागा. क्लिक, टायपिंग, पुन्हा रंगवण्याची मागणी, हे सगळं एका रांगेत येतं आणि मुख्य थ्रेड एकेक करून ते हातावेगळं करतो. सेकंदाला 60 फ्रेम (स्क्रीनची नवी चित्रं) हव्या असतील, तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम 16 मिलिसेकंद. अँड्रॉइडवर स्पर्शाला 5 सेकंदांत दाद मिळाली नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याचं थेट जाहीर होतं.

म्हणून जड काम दुसऱ्या थ्रेडकडे द्यायचं. मेख पुढेच आहे. त्या थ्रेडने परस्पर प्रोग्रेस बार हलवला तर? अँड्रॉइड बहुधा तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक जाहीर करून काम थांबवतं. जावा भाषेच्या स्विंग या विंडो-बटणं बनवायच्या टूलकिटमध्ये मात्र बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, आणि मग एखाद्या दिवशी यादी अर्धवटच रंगते. ही चूक जास्त घातक, कारण शोधायला बसलं की ती दडून बसते.

मग सगळीकडे लॉक लावले, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला हात लावता येईल अशी कुलपं घातली तर? तेही करून झालंय. जावाचं आधीचं टूलकिट एडब्ल्यूटी सुरुवातीला कुठल्याही थ्रेडवरून वापरता यावं, असाच बेत होता. घोळ झाला तो दिशेमुळे. प्रोग्रामचा हुकूम वरून खाली जातो: विंडो, पॅनेल, बटण. क्लिक मात्र ऑपरेटिंग सिस्टिमकडून, खालून वर येते. एकाने वरचा लॉक धरलेला, दुसऱ्याने खालचा, आणि दोघंही समोरचा लॉक सुटायची वाट बघतात. डेडलॉक! कुठल्याही थ्रेडवरून वापरता येणारं टूलकिट म्हणजे फसलेलं स्वप्न तर नव्हे, असा प्रश्न जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी 2004 मध्ये उघडपणे विचारला.

आज रीत ठरून गेली आहे. कामाच्या थ्रेडने स्क्रीनला हात लावायचा नाही. बदल मुख्य थ्रेडच्या रांगेत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्यासाठीची सोय: स्विंगमध्ये इन्व्होक-लेटर, विंडोज फॉर्म्समध्ये बिगिन-इन्व्होक, आयओएसवर मुख्य डिस्पॅच क्यू.

यातही 'वाट बघणारा' प्रकार, म्हणजे बदल होईपर्यंत थांबून राहणारा, जपून वापरावा. हातात लॉक धरून मुख्य थ्रेडसाठी थांबलात आणि त्यालाही तोच लॉक हवा असला, तर पुन्हा डेडलॉक. फाइल उतरवताना दर किलोबाइटला मुख्य थ्रेडला निरोप धाडला, तर रांग तुंबून विंडो परत गोठते. शिवाय निरोपाची पाळी येईपर्यंत वापरणाऱ्याने विंडो बंदही केलेली असू शकते. म्हणून ती अजून उघडी आहे का, हे रंगवण्याआधी मुख्य थ्रेडवरच तपासायचं.