एकट्यानं समुद्रावर जायचं तर कोणती बोट घ्यायची? क्रूझ आणि ओशन लायनरमधला फरक नीट समजून घ्या

नमस्कार मंडळी, कशे आहात सगळे? माझ्या मागं जे पांढरं दिसून राहिलं ना, तो कापूस आहे, दुसऱ्या वेचणीचा. भाव पाहून विकू म्हणून खोलीत भरून ठेवला आणि या खोलीत आवाज जरासुद्धा घुमत नाही, म्हणून मी इथंच बसून व्हिडिओ करते.

मागच्या वेळेस सांगितलं होतं की मी जून महिन्यात एकटी बोटीनं इंग्लंडहून अमेरिकेला गेली, पुतणीकडे. तेव्हापासून फोन थांबून नाही राहिले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, मलेही एकट्यानं जायचं आहे, क्रूझ कोणती घेऊ?" यात बऱ्याच जणी आहेत ज्यांचे मालक आता नाहीत, लेकरं पुण्याला नाहीतर बाहेरदेशी, पेन्शन सुरू आहे, गुडघे अजून चालतात. त्यांच्यासाठी आज सगळं सविस्तर सांगते, कारण चुकीची बोट घेतली तर पैसाही जातो आणि माणूस हजारो लोकांत एकटं पडतं, ते मी लोकांकडून ऐकलं आहे.

पहिले एक गोष्ट डोक्यात बसवा. क्रूझ शिप वेगळं आणि ओशन लायनर वेगळं. आपल्याकडच्या भाषेत सांगते. सहलीची बस असते ना, शेगाव, माहूर, रामटेक फिरवून आणते आणि जिथून निघाली तिथंच आणून सोडते, ती क्रूझ. आणि एसटी, लाल डब्बा, तिला आर्वीहून निघून नागपूरला पोचायचंच आहे, पाऊस असो, रस्ता खराब असो, टाईमटेबल पाळायचं आहे, ती झाली लायनर. लायनर म्हणजे लाईनवर चालणारी, ठरलेल्या मार्गावर या किनाऱ्याहून त्या किनाऱ्याला माणसं नेणारी बोट. विमानं आली तेव्हा हळूहळू या सगळ्या बंद पडल्या, आणि आज जगात खऱ्या अर्थानं चालू असलेली लायनर एकच उरली आहे, क्युनार्ड कंपनीची क्वीन मेरी 2. त्याच कंपनीच्या क्वीन व्हिक्टोरिया, क्वीन एलिझाबेथ आणि 2024 ला आलेली क्वीन अ‍ॅन, या तिन्ही चांगल्या आहेत पण त्या क्रूझ शिप आहेत. नावात क्वीन पाहून बुकिंग करू नका, एवढं लक्षात ठेवा.

आता ही बोट वेगळी काहून आहे? फ्रान्समध्ये सेंट नझेरच्या गोदीत बांधली, 2004 च्या जानेवारीत पहिली फेरी झाली. लांबी 345 मीटर. आमच्या झेडपी शाळेच्या फाटकापासून चालत निघाले तर मारुतीच्या पारापर्यंत जेवढं होते ना, तेवढी एक बोट. पाण्याखाली 10 मीटर खोल बसते. पण खरी गोष्ट आकारात आहे. क्रूझ शिपचा पुढचा भाग आखूड असतो, कारण त्यांना खोल्या जास्त बसवायच्या असतात, आणि हिचा पुढचा भाग लांब, निमुळता, जसं नांगराचं फाळ माती चिरत जाते तशी ही लाट चिरत जाते. लोखंड जाड लावलेलं, राहायचे मजले मागं आणि वर घेतलेले, लाईफबोटी सुद्धा पाण्यापासून 25 मीटरवर टांगलेल्या, कारण उत्तर अटलांटिकची लाट खाली टांगलेली बोट फोडू शकते. आणि वेग, जास्तीत जास्त 30 नॉट, म्हणजे तासाला 55 किलोमीटरच्या वर. रोज एवढ्या वेगानं नाही चालवत, पण ताकद राखून ठेवलेली असते म्हणून वादळ आलं तर लांबून वळसा घेऊनही वेळेवर पोचता येते.

मला हे सगळं पुस्तकात कळलं होतं, पण पटलं चौथ्या दिवशी. सकाळी उठली तर खोलीतले हँगर आपोआप एकमेकांवर आपटून राहिले होते, टिक टिक टिक. बाहेर आली तर जिन्याच्या कठड्याला कागदी पिशव्या अडकवून ठेवलेल्या, उलटी झाली तर म्हणून. मी घरून आल्याच्या वड्या नेल्या होत्या, एक तोंडात ठेवली आणि खाली जाऊन चहा घेतला. कप बशीवर थोडा सरके, पण सांडला नाही. शेजारचे एक गृहस्थ, पंधरा क्रूझ केलेले, ते म्हणे दुसऱ्या एखाद्या बोटीवर एवढ्या लाटेत मी पलंगावरून उठलो नसतो. तर ज्यांना समुद्र लागायची भीती आहे त्यांनी खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागायची, पाळण्याच्या टोकाला झोका मोठा असतो आणि मध्यावर कमी, तसंच आहे हे.

खोलीचा विषय निघालाच आहे तर इथं नीट कान द्या, माझी फसगत इथंच झाली होती. एका ट्रॅव्हल एजंटनं मला भाव सांगितला तो "पर पर्सन". मी मनात हिशोब केला, पैसे जमवले, आणि बिल आलं ते जवळपास दुप्पट. काहून? पर पर्सन म्हणजे एका खोलीत दोघं राहतील असं धरून एकाचा भाव. एकटं माणूस गेलं तर रिकाम्या पलंगाचेही पैसे घेतात, त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, बऱ्याचदा पाऊणपट जास्त, कधी पूर्ण दुप्पट. हे त्यानं आधी सांगितलं नाही आणि आणखी एक सांगितलं नाही की या बोटीवर एकट्या माणसासाठीच बांधलेल्या खोल्या आहेत. 2016 ला बोटीची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा 15 सिंगल खोल्या नव्यानं काढल्या, मोठ्या खिडकीच्या, समुद्र दिसतो. अडीच हजारावर प्रवासी आणि सिंगल खोल्या फक्त 15, म्हणून त्या लवकर संपतात. मी ते बुकिंग सोडलं, पुतणीच्या मदतीनं स्वतः कंपनीच्या वेबसाईटवर वर्षभर आधीची तारीख शोधली आणि त्यातली एक खोली घेतली.

सिंगल नाहीच मिळाली तर? तर बाल्कनीच्या मोहात पडायच्या आधी नकाशा पाहा. आठव्या मजल्यावरच्या बऱ्याच बाल्कन्यांच्या समोर लाईफबोटी येतात, समुद्र अर्धाच दिसतो. चौथ्या ते सहाव्या मजल्यावरच्या बाल्कन्या बोटीच्या जाड लोखंडातच खिडकीसारख्या कापलेल्या आहेत, वारा लागत नाही हे चांगलं, पण खुर्चीवर बसलं की समोर लोखंडाची भिंत, समुद्र पाहायचा तर उभं राहावं लागते. मी म्हणते एकट्या माणसानं बाल्कनीवर पैसा घालूच नये. खोलीत बसायला कोण जाते तिथं? सातव्या मजल्यावर बोटीला पूर्ण वेढा घालणारा लाकडी डेक आहे, तीन चकरा मारल्या की पावणेदोन किलोमीटर होते, मी रोज सकाळी सहा चकरा मारत होती आणि चौथ्या दिवसापर्यंत अर्धे लोक तोंडओळखीचे झाले होते.

आणि आता जेवणाचा टेबल. मंडळी, एकट्या माणसासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकी सगळं मागं पडलं तरी चालेल. नव्या मोठ्या क्रूझवर कुठंही बसा, कधीही खा, वीस ठिकाणी खाणं. ऐकायला छान वाटते पण मग ताट घेऊन जागा शोधत एकटं फिरणारं माणूस म्हणजे लग्नात ओळखीचं कोणी नसलेलं माणूस, तसं होते. इथं जुनी पद्धत अजून आहे. रात्रीच्या जेवणाला तुमचा टेबल ठरलेला, वेळ ठरलेली, रोज तेच लोक. बुकिंग करतानाच सांगायचं, मला मोठा, शेअरिंगचा टेबल पाहिजे, सहा किंवा आठ जणांचा. दोघांच्या टेबलवर एकटं बसायचं कबूल करू नका.

माझ्या टेबलवर आठ जण होतो. पहिल्या रात्री मला बोलायची हिंमत होईना, तीस वर्षं शिकवलं ते मराठीत. दुसऱ्या रात्री शेजारच्या आजींनी विचारलं तुमच्याकडे काय पिकते, मी म्हटलं कॉटन. तर त्या एकदम माझ्याकडे वळल्या. त्या इंग्लंडातल्या लँकेशायरच्या, कापडगिरण्यांच्या भागातल्या, त्यांची आजी सूतगिरणीत कामाला होती. मग मी त्यांना सांगितलं की अमेरिकेत 1861 ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा आमच्या वऱ्हाडाचा कापूस तुमच्या गिरण्यांत आला, आणि तो न्यायलाच खामगाव आणि अमरावतीला रेल्वेचे फाटे टाकले. हे मी सातवीच्या पोरांना दरवर्षी शिकवत होती. त्या आजींनी माझा हात धरून ठेवला, स्वीट डिश येईपर्यंत सोडला नाही. त्यानंतर पाचही रात्री आम्ही सगळ्यात शेवटी उठत होतो, वेटर टेबलावरचे कपडे बदलून राहिले असत तरी आमचं सुरूच.

शाकाहारी लोकांनी बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं, रोज वेगळं करून देतात. तिखट मात्र स्वतःचं न्या.

कपड्यांचं बऱ्याच जणींना टेन्शन असते. संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं राहायचं असा नियम आहे आणि सात रात्रींत साधारण दोन रात्री गाला, म्हणजे पुरुषांना टक्सेडो वगैरे. पण नियमातच लिहिलं आहे की आपल्या देशाचा पारंपरिक पोशाख चालतो. मी करवतकाठी साडी नेली होती, आपल्या इकडचीच, टसरची. बोटीवर कपडे धुवायच्या खोल्या आहेत, फुकट, तिथं इस्त्रीची टेबलं पण आहेत. मी साडी इस्त्री करून राहिली होती तर दोन बायका थांबल्या, काठावर बोट फिरवून विचारे हे दात कसे काढले. मी त्यांना सांगितलं करवतीच्या दातासारखं आहे म्हणून करवत, आणि काठ विणताना तीन धोटे लागतात. पुरुषांनो, तुम्ही बंद गळ्याचा कोट न्या, टक्सेडो भाड्यानं आणायची गरज नाही.

दिशा कोणती घ्यायची हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्क अशी घ्या, उलटी नाही. सात रात्रींचा प्रवास आहे आणि दोन्हीकडच्या घड्याळात पाच तासांचा फरक. पश्चिमेला जाताना पाच रात्री घड्याळ एक एक तास मागं करतात, म्हणजे रोज एक तास जास्तीची झोप. पूर्वेला येताना दुपारी बारा वाजले की घड्याळ सरळ एक वाजवते. विमानानं गेलेले माझे नातेवाईक चार दिवस अर्धवट झोपेत होते, मी उतरली ती ताजीतवानी. महिना म्हणाल तर जून ते ऑगस्ट समुद्र त्यातल्या त्यात शांत, पण सुरुवातीच्या उन्हाळ्यात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूला दाट धुकं असते. मला लागलं ते. धुक्यात दर दोन मिनिटांच्या आत भोंगा वाजवावा लागते, आणि या बोटीवरचा एक भोंगा 1936 च्या मूळ क्वीन मेरीवरून काढून बसवलेला आहे. छातीत घुमते तो आवाज. रात्रभर तो ऐकत पडली होती मी, आणि मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. 1883 साली अठरा वर्षांची पोरगी कलकत्त्याहून निघाली, घरचं एकही माणूस संगं नाही, दोन महिने बोटीवर, आणि न्यूयॉर्कला उतरून डॉक्टरकीला गेली. बाबासाहेबही 1913 ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बोटीनंच. शाळेत त्यांच्यावर भाषणं करून घेतली, पण न्यूयॉर्कला जायचं म्हणजे किती पाणी ओलांडायचं ते मला त्या रात्री कळलं.

व्हिसाचं पटकन सांगते. इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा आणि अमेरिकेचा बी वन बी टू, दोन्ही लागतात. अमेरिकेची मुलाखत मुंबईला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये, तारीख मिळायला वेळ लागू शकते, म्हणून पहिले व्हिसा आणि मगच पूर्ण पैसे भरा. इन्शुरन्स काढल्याशिवाय पाय ठेवू नका, बोटीवर दवाखाना आहे पण बिल डॉलरमध्ये. टिपचे पैसे रोजच्या रोज खात्यात लागतात, वायफायचे वेगळे. बोटीवर सामानाला कोणी तोलत नाही पण लंडनपर्यंतच्या विमानात तोलतात, तेव्हा हिशोब विमानाचा धरा. आणि साउदॅम्प्टनला एक रात्र आधी पोचा. तिथं पाच टर्मिनल आहेत, तिकिटावर कोणतं लिहिलं आहे ते टॅक्सीवाल्याला दाखवा.

कोणी नाही घ्यावी ही बोट, तेही सांगते. ज्यांना रोज नवीन गाव पाहायचं आहे, पाण्याच्या घसरगुंड्या पाहिजे, त्यांना इथं करमणार नाही. सहा दिवस फक्त पाणी दिसते. त्यांनी खुशाल क्रूझ घ्यावी. पण ज्याला वाचायला आवडते, तिथं हजारो पुस्तकांची लायब्ररी आहे, बोटीच्या अगदी पुढच्या बाजूला. ज्याला नाचायला आवडते आणि जोडीदार नाही, त्यांच्यासाठी कंपनीनंच ठेवलेले डान्स होस्ट असतात, अदबीनं विचारतात, एक गाणं झालं की खुर्चीपर्यंत आणून सोडतात. मी नाचली नाही, पण माझ्या टेबलवरच्या त्या लँकेशायरच्या आजी, वय ब्याऐंशी, रोज रात्री नाचत होत्या.

एवढा खर्च जमत नसेल तर एक जवळचा रस्ता आहे. क्वीन एलिझाबेथ 2 नावाची खरी लायनर, 1969 पासून जवळपास चाळीस वर्षं अटलांटिकवर चालली, ती आता दुबईला बंदरात कायमची बांधून ठेवली आहे आणि 2018 पासून तिचं हॉटेल केलं आहे. हलत नाही, पण त्याच खोल्या, त्याच गोल खिडक्या, तेच लांब कॉरिडॉर. आमच्या गावातल्या दोघी जणी तूर निघाली की जानेवारीत तिथं तीन रात्री राहायला चालल्या आहेत. दोघी नणंद भावजया, पण खोल्या दोन वेगवेगळ्या पाहिजे म्हणे, एकटं झोपून पाहायचं आहे. बुकिंग मी काल करून दिलं, दोघींनाही गोल खिडकीवाली, पाण्याच्या बाजूची.