मिरजेच्या कानानं ऐकलेली गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

१९८० च्या आसपासची गोष्ट. माझा मामा मुंबईत नोकरीला होता. सुट्टीत मिरजेला येताना त्यानं एक कॅसेट आणली. बँडचं नाव होतं ‘शक्ती’. तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर, म्हणजे मातीच्या घटावर, विक्कू विनायकराम, व्हायोलिनवर एल. शंकर आणि गिटारवर कुणी एक इंग्रज, जॉन मॅक्लॉफ्लिन. आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. तो होता आमच्या गल्लीतल्या सतार घडवणाऱ्या चाचांच्या दुकानात. चाचा तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत एका तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे त्याचा आवाज खुलवत, बसले होते. मी कॅसेट लावली. दोन-तीन मिनिटांत त्यांचा हात थांबला.

“ह्या गिटारीला तरफा हाईत बघ.”

मी म्हटलं, “चाचा, गिटारीला सहाच तारा असतात.” ते म्हणाले, “परत लाव.” पुन्हा ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “घडवली कुणी ही?” मला कुठलं माहीत असणार!

चाचांचा कान चुकला नव्हता. त्या गिटारीच्या सहा तारांखाली, आवाजाच्या भोकावरून तिरप्या ओढलेल्या आणखी सात तारा होत्या. सतारीच्या मुख्य तारांखाली असतात त्या तरफांसारख्या त्या रागाच्या सुरात लावायच्या, म्हणजे वरच्या तारेतला सूर खाली झंकारत राहतो. दुसरी गंमत तिच्या दांडीत होती. साध्या गिटारीत पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, मधलं लाकूड सपाट असतं. तार दाबली की बोट लाकडाला टेकतं आणि तिथंच अडतं. मॅक्लॉफ्लिनच्या गिटारीत दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं. त्यामुळे तार हवी तशी खेचता येई आणि मींड काढता येई, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकता येई. सतारीच्या उंच, बाकदार पडद्यांवर आपले वादक तार ओढतात, ते या माणसाला गिटारवर हवं होतं. त्यासाठी त्यानं वाद्याचं अंगच बदलून घेतलं. मला त्याच्याबद्दल सगळ्यांत मोठं काय वाटतं, तर हे.

मॅक्लॉफ्लिनचा जन्म ४ जानेवारी १९४२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी हातात गिटार आली. लंडनमध्ये बरीच वर्षं घासल्यावर १९६९ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि पोचल्या पोचल्या माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणात बसला. माइल्स म्हणजे जॅझमधला केवढा मोठा माणूस! त्याच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बममध्ये एका तुकड्याचं नावच ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ आहे. १९७१ मध्ये त्यानं स्वतःचा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. विजेची गिटार, प्रचंड आवाज, विलक्षण वेग. हजारो लोक ऐकायला यायचे.

आणि ऐन भरात असताना त्यानं ते बाजूला ठेवलं. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात तो डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या घरी झाकीरभाईंबरोबर वाजवायला बसला होता. त्यातून ‘शक्ती’ उभी राहिली. ५ जुलै १९७५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात झालेला त्यांचा कार्यक्रम त्यांच्या पहिल्या अल्बमवर आहे. त्यातलं ‘जॉय’ अठरा मिनिटांचं आहे, मिळालं तर जरूर ऐका.

ऐकताना एवढं लक्षात ठेवा. जॅझमध्ये वादकाच्या पायाखालची जमीन सारखी हलत असते. एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, गेली की दुसरी येते आणि त्या बदलत्या कॉर्डांवरून त्याला आयत्या वेळी सूर रचत जावं लागतं. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की षड्ज, म्हणजे ‘सा’, हलत नाही. सगळा प्रवास त्या एका सुरापासून निघून त्याच सुराकडे परत. मॅक्लॉफ्लिननं त्या कॉर्डांचा आधार बराचसा सोडला आणि षड्जापाशी मांडी घालून बसला. ज्याचा हात तयार आहे, नाव झालेलं आहे, अशा माणसाला पुन्हा विद्यार्थी होणं किती अवघड जातं, हे मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र गाणं ऐकलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पुढं बरंच घडलं. पाको दे लुसिया आणि अल डी मिओला यांच्याबरोबरची तीन गिटारींची मैफल गाजली. १९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’ सुरू झाली. तिच्यात आधी हरिप्रसाद चौरसिया होते, नंतर मँडोलिनवाले यू. श्रीनिवास आले, शंकर महादेवन आले. श्रीनिवास २०१४ मध्ये अवघ्या ४५ व्या वर्षी गेले. त्यांच्या आणि मॅक्लॉफ्लिनच्या सवाल-जवाबात कोण कुणाचं वाक्य पुरं करतंय हे कळत नसे. ते ऐकताना मला आजही भरून येतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्याच वर्षी, १५ डिसेंबरला, झाकीरभाई गेले. पन्नास वर्षांची सोबत संपली तेव्हा मॅक्लॉफ्लिन ८२ वर्षांचा होता.

ती गिटार घडवणाऱ्याचं नाव मला फार उशिरा कळलं. एब वेक्टर. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीबरोबर त्यानं ती मॅक्लॉफ्लिनसाठी खास तयार केली होती. तोवर चाचा राहिले नव्हते. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. संध्याकाळी जाऊन मी त्याला ते नाव सांगितलं, मोबाइलवर गिटारीचा फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला, तिरप्या सात तारा नीट पाहिल्या आणि म्हणाला, “खुंट्या कुठं बसवल्यात ह्याच्या?”