पसरणीच्या उतारावरची थरथर

(पहाट. पसरणी घाट. खाली वाईचे दिवे.)

पाचगणी मागं टाकून एक पिकअप घाट उतरतेय. हौद्यात स्ट्रॉबेरीची खोकी. वळण आलं, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग त्याच्या हातात थडथडायला लागलं. पाय काढला की गप्प. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

गाडी थांबते, हे खरं. म्हणून तर हे दुखणं लोक महिनोन्‌महिने अंगावर काढतात.

(वाई. रस्त्याकडेचं गॅरेज.)

“मिस्त्री, डिस्क वाकलीय. नवी टाका.”

“आधी काय टाकलं होतं?”

“डिस्कच. दिवाळीच्या आधी, दुसरीकडं.”

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटतात. मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. नुसतं पळवताना थरथरते का? नाही, ब्रेकलाच. म्हणजे टायर किंवा बॅलन्सिंगवर संशय कमी. वेग उतरला की थरथर मंदावते? हो. म्हणजे ती चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. साठच्या वेगात असं चाक सेकंदाला सात-आठ वेळा फिरतं, आणि तेवढेच धक्के हातात येतात.

“हातात लागतंय का बुडाखाली?”

प्रश्न चेष्टेचा नाही. या पिकअपला पुढं डिस्क, मागं ड्रम, म्हणजे आतून धरणारे ब्रेक. पुढचा दोष बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो, मागचा सीटमध्ये. खात्री करायला मिस्त्री गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर नेतात आणि तीसच्या वेगात हँडब्रेक हळूहळू ओढतात. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. गाडी मऊ थांबली. मागची चाकं संशयातून सुटली.

आता जॅक. चाक वर-खाली, डावं-उजवं हलवून बेअरिंगचा आणि जोडांचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघितला. खेळ असताना माप घेण्यात अर्थ नाही, ते खोटंच येणार. मग डिस्कच्या कडेला डायल गेज, म्हणजे बारीक डुलणं मोजणारा काट्याचा मापक, लावून चाक एक फेरी फिरवलं. काटा ०.१८ मिलिमीटर हलला. साधारण ०.१ च्या आत असावा लागतो, म्हणजे जेमतेम एका केसाच्या जाडीएवढा.

तर डिस्क वाकलीच म्हणायची? इथंच बहुतेकांची गफलत होते, आणि एक नवी डिस्क उगाच विकली जाते. मिस्त्रींनी हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग, उतरवून डिस्क सोडली. हबच्या तोंडावर गंजाची खपली तशीच होती. नवी डिस्क घाईत त्या खपलीवरच बसवली गेली होती, म्हणून ती जन्मापासून तिरकी फिरत होती.

पण मग थरथर पहिल्या दिवशी का नव्हती? तिरकी डिस्क प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला चाटून जाते, ब्रेक न दाबतासुद्धा. हजारो किलोमीटर चाटत राहिली की तेवढी जागा झिजून पातळ होते. पुढं ब्रेक दाबला की जाड भाग पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागं ढकलतो, पातळ भाग पुढं येऊ देतो. पेडल पायाला मारतं, पकड कमी-जास्त होते, आणि ते सगळं स्टिअरिंगमधून हातात. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजली, तर फरक ०.०३ मिलिमीटर. डोळ्याला दिसणं शक्य नाही, हाताला मात्र पुरेपूर कळतो.

हबचं तोंड घासून चकाचक झालं. डिस्क तासून सारखी करायला एमआयडीसीतल्या लेथवर गेली. कमीत कमी किती जाडी चालते ते डिस्कवरच उठवलेलं असतं, आणि त्यापेक्षा ही अजून बरीच जाड होती. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाच्या, पिना साफ करून ग्रीस लावलं. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आवळले. एकच नट जिवाच्या आकांतानं पिळला तरी डिस्क ओढली जाऊ शकते. पुन्हा डायल गेज: ०.०४.

(संध्याकाळ. हिशेब.)

“नवा पार्ट एकही नाही, आणि मजुरी एवढी?”

“डिस्क टाकली असती तर गप दिली असतीस की!”

ड्रायव्हर हसतो, पण पन्नास रुपये कमी करूनच देतो. पिकअप पाचगणीच्या चढाला लागते, उद्याची खोकी भरायला.